कौलं परतायचे दिवस

श्रीवर्धनात हल्ली घर कोणी दुरुस्त करत नाही. घर ‘रिनोव्हेट’ करतात. मोरीला टाइल्स लावल्या तरी रिनोव्हेट, ओटीचे गज काढून सरकत्या खिडक्या बसवल्या तरी रिनोव्हेट, आणि आजोबांचं अख्खं घर जोत्यापर्यंत उतरवून त्या जागी दोन मजली स्लॅब टाकला तरी तेही रिनोव्हेटच. कंत्राटदाराच्या पाटीवर हा शब्द असतो, होमस्टेच्या जाहिरातीत असतो. एका देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणी मागायला आलेल्या पोरांच्या तोंडीही तोच होता. तिथे तर ‘जीर्णोद्धार’ हा आपला भरभक्कम शब्द हाताशी होता. इंग्रजीत या कामांची क्रियापदं वेगवेगळी आहेत. जसं होतं तसं परत करायचं ते ‘रिस्टोअर’, जुन्याला नवी उभारी द्यायची ते ‘रिनोव्हेट’, पाडून पुन्हा बांधायचं ते ‘रीबिल्ड’. आपल्याकडे त्यातलं एकच रुळलं आणि बाकीच्यांचं ओझंही त्याच्याच डोक्यावर आलं.

शब्द परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. ‘मेज’, ‘पगार’, ‘बटाटा’ खाऊन-पिऊन आपण इतकी वर्षं सुखात आहोत. पण हा एक शब्द आला आणि आठ-दहा शब्द उठून गेले, त्याची चुटपूट आहे. घर शाकारणं, कौलं परतणं, जमीन करणं, चोपणं, सारवणं, चुना काढणं, झाप विणणं, मांडव घालणं, आणि वाडीतलं आळी करणं, नांगे भरणं. यातल्या प्रत्येक कामाचा महिना ठरलेला असे, माणसं ठरलेली असत, आणि कुठल्याच कामाला ‘प्रोजेक्ट’ म्हणावं एवढा खर्च येत नसे. घर सतत थोडंथोडं नवं होत असायचं. त्यामुळे ते नवं झालं असं कधी कोणाला वाटलंच नाही.

वैशाख अर्धा सरला की कौलांचा विषय निघे. आंबे उतरवून झालेले, सुपारी वाळून पोत्यांत गेलेली, जीवना बंदरावर मासळी सुकवायची घाई, आणि पाऊस तीन आठवड्यांवर. वरच्या वाडीतले ठरलेले गडी सकाळी शिडी घेऊन येत. आधी कोनाची कौलं निघत, मग एकेक ओळ उघडत खाली यायची. माजघराच्या डोक्यावर एकदम आभाळ दिसायला लागे. वर्षभर ज्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागे, तिथे भसकन उजेड यायचा आणि कोपऱ्यातली सगळी अडगळ चोरी पकडल्यासारखी उघडी पडायची. आई आणि काकू अंथरुणं, भांडी, देव्हारा जुन्या लुगड्यांनी झाकून ठेवत, तरी संध्याकाळच्या आमटीत थोडी धूळ असेच.

आम्हा मुलांचं काम कौलं निवडायचं. हातोहात खाली आलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर धड, बद्द वाजलं तर आत तडा. धड वेगळी, तडकलेली वेगळी. तडकलेली गोठ्यावर आणि न्हाणीवर जायची, कारण तिथे थेंब पडला तरी चालायचं. पूर्ण फुटलेली अंगणात पाय रुतू नयेत म्हणून पसरायची. कौल उलटं केलं की पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं दिसायचं. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि पुढच्या काळात या किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांतून ती लाल चपटी कौलं उतरली. तोपर्यंत घरांवर कुंभाराने थापलेले अर्धगोल नळे असत, नाहीतर पेंढा. मंगळुरी कौल एकमेकांत अडकतं, म्हणून ते नळ्यापेक्षा कमी सरकतं. तरीही वानरांची टोळी एकदा छपरावरून पोफळीकडे गेली की दहा-वीस कौलं हललेली असायचीच. वानर हा आमच्या घरदुरुस्तीचा कायमचा भागीदार.

एका मे महिन्यात सगळी कौलं बदललेली मला आठवत नाहीत. फुटली तेवढी नवी आणायची, बाकीची झाडून, शेवाळ खरवडून परत चढवायची. त्यामुळे छपरावर कुठे गडद काळी, कुठे विटकरी, कुठे नुकती आलेली लालभडक अशी ठिगळं दिसत. कौलांखालच्या रिपा बहुतेक घरच्या पोफळीच्या. म्हातारी पोफळ पडली की तिचं खोड उभं चिरून वाळवून ठेवायचे, आणि कुजलेली रीप निघाली की त्यातली एक जागेवर ठोकायची. वाडीतलं झाड घराच्या डोक्यावर जाऊन बसे. छप्पर कधी घातलं, असं कोणी विचारलं असतं तर वडिलांना उत्तर देता आलं नसतं. वासे पणजोबांचे, रिपा गेल्या वर्षीच्या, कौलं तीन पिढ्यांची.

जमिनीचंही तसंच. पावसाळ्यात ओल धरून जमीन फुगायची, उंदीर-घुशी बिळं करायच्या. नवरात्र झालं की ओटीची जमीन उकरून, माती भिजवून, तुडवून, परत पसरायची आणि लाकडी चोपण्याने चोपायची. चोपण्याचा थपथप आवाज आळीभर एका घरातून दुसऱ्या घरात सरकत जाई. मग शेणाने सारवण. काही घरी जमिनीला काळी कुळकुळीत तकाकी यावी म्हणून संपलेल्या बॅटरीच्या सेलमधली काळी पूड सारवणात कालवत. आज कोणाला सांगितलं तर तो आरोग्य खात्याला कळवेल. पण दिवाळीच्या पहाटे त्या जमिनीवर काढलेली पांढरी रांगोळी जशी उठायची तशी व्हिट्रिफाइड टाइलवर उठत नाही, हे मात्र खरं.

सारवणाबद्दल गहिवरून लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, हेही इथेच सांगून टाकतो. माझ्या आत्याला मी एकदा विचारलं, की त्या जमिनीची आठवण येते का. ती कोब्याच्या थंडगार जमिनीवर पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. म्हणाली, ‘गुडघे तुझे होते का रे सारवायला? वर्षभर दर आठवड्याला तू सारव, मग माझ्याशी आठवणी काढायला ये.’ तिच्या घरी कोबा झाला त्या दिवशी तिने शेजारणींना बोलावून चहा केला होता. तेव्हा त्या कामाला ‘रिनोव्हेशन’ म्हणत नसत. आत्याला मात्र त्यातून जे मिळालं ते त्या शब्दाच्या सगळ्यात चांगल्या अर्थाचं होतं. जुनं सगळंच राखण्यासारखं नव्हतं. माझा सवाल एवढाच, की टाकलं काय आणि त्याबरोबर वाहून गेलं काय.

वाहून गेलेलं कळायला वाडीत जायला हवं.

श्रीवर्धनची वाडी म्हणजे नारळ-पोफळीचं आगर. ती एकरांत मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. घरामागे अरुंद लांबट पट्टा, मध्ये विहीर. विहिरीवर पूर्वी रहाट असे. बैल गोल फिरायचा, मातीचे लोटे भरून वर यायचे, पन्हळीतून पाटात पाणी पडायचं आणि शिंपणाऱ्याने एकेक आळं भरून घ्यायचं. रहाटाची कुरकुर थांबली की घरातल्या माणसाने अंथरुणातूनच ओळखायचं, की बैल उभा राहिला किंवा गडी विडी ओढायला बसला. मग पंप आले, नंतर ठिबक आलं. त्याबद्दल कोणी रडू नये. बैलानेही रडू नये.

इथल्या सुपारीला ‘रोठा’ म्हणतात. आकाराने मोठी, आतून पांढरी, दाताला मऊ. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे, आणि इथल्या सुपारीतून निवड करून काढलेल्या जातीचं नावही ‘श्रीवर्धनी’. पण केंद्र असो वा नसो, रोप करायची पद्धत घरोघरी ठाऊक होती. चांगल्या, भरल्या वयाच्या पोफळीची पक्की फळं बियाण्याला राखायची. विहिरीजवळच्या सावलीच्या वाफ्यात ती देठाची बाजू वर करून लावायची. वर्ष-दीड वर्षाने रोप वाडीत न्यायचं.

आणि नेऊन कुठे लावायचं? जिथे नांगा पडला असेल तिथे. दर पावसाळ्यात एक-दोन झाडं जायचीच. एखाद्यावर वीज पडे, एखाद्याचा शेंडा कुजे, एखादी म्हातारी पोफळ नुसतीच वाऱ्याला कंटाळून आडवी होई. आजोबा त्या पावसातच तिच्या बुंध्याशेजारी रोप लावत. नव्या रोपाला सावली लागते, ती भोवतालच्या मोठ्या झाडांची आपोआप मिळे. पोफळीच्या कोवळ्या खोडाला पश्चिमेचं ऊन लागलं की ते करपतं आणि पुढे तिथेच मोडतं. पण दाट वाडीत ते ऊन पोचायचंच नाही. फक्त कडेच्या झाडांना झावळ्या गुंडाळाव्या लागत. कोणत्याही वर्षी वाडीत गेलात तर पणजोबांनी लावलेली, आजोबांनी लावलेली, वडिलांनी लावलेली आणि गेल्या आषाढातली, अशा चारही वयांची झाडं एकमेकांच्या सावलीत उभी असायची. वाडी कधी जुनी झाली नाही आणि कधी नवी झाली नाही.

त्या दाटीचा एक खेळ मी तासन् तास बघायचो. सुपारी पाडणारा गडी पायांत दोरीचा फास अडकवून पोफळीवर चढायचा. घोस उतरवून झाला की खाली मात्र यायचा नाही. शेंड्याखाली अंग सैल सोडून झाड झुलवायला लागायचा. पोफळ बारीक, लवचीक. हळूहळू तिचा झोका वाढायचा. शेजारची पोफळ हाताच्या टप्प्यात आली की तिला मिठी, आणि इकडची सोडून द्यायची. सुटलेली पोफळ सट्कन मागे जाऊन थरथरत राहायची. असा तो वरच्यावर अर्धी वाडी ओलांडून विहिरीपलीकडे उतरायचा. खाली उभ्या बायका घोस ओढून नेत, आणि मग अंगणात महिना-सव्वा महिना सुपारी उन्हात पडे. अंगणात चालायला वाट उरत नसे.

‘नवं’ हा शब्द त्या काळी आमच्या कानावर पडायचा तो आश्विनातल्या पुनवेला. नव्याची पुनव. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान आणि हाताशी असतील ती फुलं एकत्र बांधून त्याचं ‘नवं’ करायचं आणि ते दाराच्या चौकटीला, तुळशीला, विहिरीला, नांगराला, धान्याच्या कणगीला बांधत सुटायचं. घरातली वस्तू जुनीच असायची, तिला यंदाचं नवं बांधलं जायचं. इंग्रजी ‘रिनोव्हेट’च्या पोटात जो लॅटिन ‘नोवस’ आहे, तो आपल्या ‘नव’चा सख्खा चुलतभाऊ. भाषाशास्त्रवाले हे नातं केव्हाच लावून बसले आहेत. दाराला बांधलेली लोंबी पुढच्या पुनवेपर्यंत तशीच वाळत राहायची, आणि नवी बांधताना जुनी काढायची.

३ जून २०२०, बुधवार. टाळेबंदी चालू होती, मुंबईहून कितीतरी घरांत माणसं परत आलेली. आमच्याकडच्या हिशेबाने पावसाआधीची सगळी कामं उरकलेली असायचे हे दिवस. कौलं परतून झालेली, वाडीत आळी केलेली. दोन दिवसांवर वटपौर्णिमा. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर सांगितला गेला. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर हा पट्टा त्याच्या तोंडीच होता. ज्यांच्या घरावर कौलं होती, त्यांची कौलं एकेक सुटून उडाली. ज्यांच्या घरावर पत्रा होता, त्यांचा पत्रा अख्खा उठून कोणाच्या तरी वाडीत जाऊन पडला. आणि ज्यांच्या घरावर नारळाचं झाड पडलं, त्यांना कौल काय आणि पत्रा काय.

वाडीत बघवत नव्हतं. पोफळीची मुळं उथळ. एरवी हजार पोफळी एकमेकींच्या आडोशाने उभ्या राहतात. पण कडेची रांग मोडली की आतलीला आडोसा उरत नाही, मग तिच्या आतली. कित्येक वाड्यांत झाडं उन्मळून पडण्याऐवजी कमरेत मोडली होती, सगळी एकाच दिशेला. दुपारच्या दोन-तीन तासांत चार पिढ्यांची लागवड गेली. त्या वर्षी दिवेआगरच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बनही विरळ झालं. कितीतरी वस्त्यांत पुढचे काही आठवडे वीज आली नाही. पंप बंद, आणि रहाट तर कधीच मोडीत निघालेले. विहीर भरलेली असून पाणी पोहऱ्यानेच ओढावं लागलं.

मग सरकारी भाषेत ‘पुनरुज्जीवन’ आलं. भरपाई आधी हेक्टरी १८ हजार होती, ती वाढवून हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरं. पण हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे, आणि आमच्या वाड्या गुंठ्यांच्या. ओरड झाली तेव्हा झाडावर हिशेब आला. पोफळीला ५० रुपये, नारळाला २५० रुपये. पन्नास रुपयांत तेव्हा मोडकी पोफळ तोडून वाडीबाहेर न्यायची मजुरीही सुटत नव्हती. तरी हेक्टरपेक्षा झाडाचा हिशेब शहाणपणाचा होता. वाडीचं एकक झाड आहे, जमीन नाही, हे निदान कागदावर कोणी तरी कबूल केलं. रोजगार हमीतून पुनर्लागवडही झाली. कृषी खात्याच्या लोकांनी मनापासून फिरून काम केलं, हे मी पाहिलेलं आहे.

अडचण कामात नव्हती, झाडाच्या वयात होती. पोफळ लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं घेते. मोकळ्या झालेल्या वाडीत नव्या रोपाला सावली नाही. म्हणून आधी केळी लावा, केळी उभ्या राहिल्या की मग रोपं लावा, पश्चिमेकडून ऊन येतं तिथे झावळ्या बांधा. झावळ्या तरी आणायच्या कुठून? मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यात उभ्या केलेल्या केळी आडव्या झाल्या. काहींनी मग लाखी बागेच्या धर्तीवर नारळात जायफळ, दालचिनी, मिरी घातली. त्या पावसांत लावलेली रोपं आता कुठे डोक्यावर गेली आहेत, काही पहिला घोस धरू लागली आहेत. सगळी एका उंचीची, एका वयाची, दोरी धरून लावल्यासारखी सरळ रांगेत. पाहुण्यांना ती फार आवडतात, फोटोत छान येतात. पण एकदम लावलेलं एकदमच म्हातारं होणार, हे त्या रांगांकडे बघून जाणत्याला कळतं. आणि पुढच्या वादळाला सगळी एकाच वयात सापडणार. शिवाय जुन्या वाचलेल्या पोफळी एकमेकींपासून इतक्या लांब उरल्या आहेत की झोका घेऊन पलीकडे जायचा प्रश्नच नाही. पाडणाऱ्याला प्रत्येक झाडावर वेगळं चढावं-उतरावं लागतं. तो मजुरी झाडाप्रमाणे मागतो, आणि मुळात मिळतच नाही.

घरंही अशीच एकदम नवी झाली. वादळानंतर कौलं मिळेनात, पत्र्याचे भाव चढले, ताडपत्रीसाठी रांगा लागल्या. पाऊस डोक्यावर होता; माणसं काय करणार? पत्रा टाकला. निळा, हिरवा, विटकरी रंगाचा. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होतो की रेडिओ ऐकू येत नाही, आणि एप्रिलात खाली बसवत नाही. म्हणून खाली पीओपीचं छत, मग त्यात एसी, एसी आला म्हणून खिडक्या बंद, मग एवढा खर्च झालाच आहे तर दोन खोल्या पर्यटकांना. शनिवार-रविवारी पुण्याहून ताम्हिणीमार्गे गाड्या येतात, होमस्टेला बरे दिवस आहेत. हे सगळं वाईट आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या घरातली मुलं सुपारीवर पोट भरत नाही म्हणून नालासोपाऱ्याला जाऊन राहिली होती, त्यातली दोन-तीन परत आली आहेत. पण आता घराला दर मे महिन्यात कोणी हात लावत नाही. पंधरा वर्षं नुसतं वापरायचं, गळायला लागलं की बादल्या ठेवायच्या, आणि मग एकदा कर्ज काढून ‘फुल रिनोव्हेशन’.

एकदम नवं करण्याचीही आमच्या भागाला परंपरा आहे, नाही असं नाही. हरिहरेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार थोरल्या बाजीरावाने १७२३ मध्ये केला. त्याचे वडील बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. हा मुलूख सिद्दीचा, आणि त्याच्याशी फाटल्यामुळे बाळाजींच्या भट घराण्याला गाव सोडावं लागलं. १७१३ मध्ये बाळाजी पेशवे झाले, आणि पुढच्या पिढीने दैवताकडे बघितलं. गाव सोडलेल्यांनी देवळाला पैसे पाठवावेत आणि गावात राहिलेल्यांनी ते सांभाळावं, ही कोकणातली रीत एवढी जुनी आहे. आजचे मुंबईकर वर्गणीदार पेशव्यांच्याच वाटेने चालले आहेत, फक्त त्यांना ग्रॅनाइटचा फार सोस.

दिवेआगरची गोष्ट याहून चमत्कारिक. १७ नोव्हेंबर १९९७ ला तिथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. त्या मुखवट्याने दिवेआगरचा कायापालट केला. सुपारीचं गाव यात्रेचं झालं. २४ मार्च २०१२ ला दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा गेला. चोर सापडले तोवर मुखवटा वितळवलेला होता. हाती आलं ते सोनं, चेहरा नाही. पुढे न्यायालयाच्या वाटेने ते सोनं परत मिळालं, त्यातूनच मुखवटा नव्याने घडवला, आणि २३ नोव्हेंबर २०२१ ला त्याची प्रतिष्ठापना झाली. हे रिस्टोअर की रिनोव्हेट की रीबिल्ड, ते इंग्रजांनी ठरवावं. आमच्याकडे ‘बाप्पा परत आले’ म्हणतात. मधली साडेनऊ वर्षं दुकानं रिकामी बसलेली ज्यांनी पाहिली, त्यांना एवढं वाक्य पुरतं.

जुन्या कौलांना आता वेगळाच भाव आला आहे. इथे घर उतरवलं की टेम्पोवाला दारात उभा. धड मंगळुरी कौलं, सागवानी खांब, पितळी कड्यांची दारं तो उचलून नेतो, आणि अलिबाग-मुरुडच्या फार्महाउसवाल्यांना ‘जुना लुक’ म्हणून विकतो. म्हणजे श्रीवर्धनात आम्ही कौलं काढून रिनोव्हेट करायचं आणि तीच कौलं चढवून त्यांनी रिनोव्हेट करायचं. आमच्या पडवीवर अजून कौलं आहेत. त्यासाठी मला दर वर्षी या टेम्पोवाल्याशीच बोलावं लागतं. नवी कौलं मागवली तर मापात फरक पडतो, जुन्याशी अडकत नाहीत. यंदा त्याने शंभरामागे एवढा भाव सांगितला की मी तडकलेली कौलं सिमेंटने सांधून घेतली. कौलं परतणारे जुने गडीही राहिलेले नाहीत. त्यांच्यातल्या एकाचा मुलगा पत्र्याची कामं घेतो. तो बापाकडून शिकलेला नाही, पण हात बापाचा आहे. कौलावर पाय कुठे द्यायचा हे त्याला सांगावं लागलं नाही.

आमच्या मागच्या बाजूचे काका वादळात सगळी वाडी गमावून बसले होते. सरकारी पुनर्लागवडीची रोपं सगळ्यांनी एका पावसात लावून टाकली. यांनी मिळाली त्यातली थोडी लावली, उरलेली वाटली, आणि तेव्हापासून दर मृगाला वाफ्यातली आपली पाच-सात रोपं काढून लावतात. लोक हसले, मुलगाही हसला. आता त्यांच्या वाडीत खांद्याएवढी आहेत, गुडघ्याएवढी आहेत आणि घोस धरलेलीही आहेत. यंदाची रोपं विहिरीजवळ तयार आहेत. विहिरीच्या उत्तरेचा मोठा नांगा त्यांनी त्यासाठीच राखून ठेवला होता. पण मुलाचा होमस्टे चालायला लागलाय, आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायला त्याला नेमकी तीच जागा हवी आहे. परवा ओटीवर दोघांची त्यावरून बरीच बोलाचाली झाली. शेवटी काकू मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, ‘तीन गाड्या राहतील एवढी जागा सोड, बाकीत लाव.’ काकांनी दोरी आणून जागा मोजायला घेतली. मुलगा म्हणाला, ‘एसयूव्हीच्या हिशेबाने मोजा हां, अण्णा.’